टिकलीचा नियम

"बाई, त्या नव्या मुलीशी जरा बोलायला पाहिजे," रमणशेठ गल्ल्यावरून म्हणाले आणि लगेच मान खाली घालून कापडाचा एक तुकडा उगाच बोटांत चोळायला लागले.

शेठनी नजर चुकवली की मी ओळखायची, काहीतरी अवघड माझ्या गळ्यात येणार. बार्शीतल्या त्या साड्यांच्या दुकानात मी वरच्या मजल्याची देखरेख करायची. लग्नाचे बस्ते तिथेच बांधले जायचे. पण माझं खरं काम वेगळंच होतं. ज्याला कुणी काही सांगू धजत नाही, त्याला ते मी सांगायचं. आमचे बाळासाहेब नावाचे जुने सेल्समन साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून पदर उलगडून दाखवायचे, आणि उन्हाळ्यात त्यांच्या घामाचा वास पदराला लागायचा. बायका नाकाला रुमाल लावायच्या. शेठनी बरेच दिवस नुसता पंखा त्यांच्याकडे वळवून बघितला. शेवटी मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाळासाहेब, दुपारी अंग पुसून शर्ट बदलत जा. गिऱ्हाइकाला पैठणी न्यायचीय, तुम्हाला नाही." ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, पण शर्ट बदलायला लागले.

"उज्ज्वलाशी? काय केलं तिनं?" मी विचारलं.

"केलं काही नाही. कामाला चांगली आहे. पण कपाळ बघा ना तिचं. टिकली नाही, हातात बांगडी नाही. पुण्या-मुंबईची फॅशन असेल, आपल्याला काय त्याचं. पण काल वैरागचे पाहुणे बस्ता बांधून गेले ना, नवरीची आई जाताना काय म्हणाली? 'शेठ, आमच्या पोरीचा शालू दाखवायला मोकळ्या कपाळाची बाई कशाला बसवता?' आता लग्नसराई तोंडावर आलीय."

"मग?"

"मग काय, टिकली, बांगड्या, जरा टापटीप. पुढच्या आठवड्यापासून. नाहीतर दुसरी मुलगी बघू. तुम्ही सांगा, बाई. मी पुरुषमाणूस, मी कसं सांगणार?"

बाळासाहेबांच्या वेळी मी बाईमाणूस होते, ते मात्र शेठना आठवलं नव्हतं.

उज्ज्वला नलवडे दिवाळीच्या गर्दीत आमच्याकडे लागली होती. हाताला चपळ, बोलायला गोड, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर साडी लावून दाखवताना असा हलका हात की बायका आरशासमोरून हलायच्या नाहीत. तरी पहिल्या दिवसापासून माझ्या मनात तिच्याबद्दल कुसळ होतं. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. मी तिला विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं?" ती म्हणाली, "आत्याबाई, मामंजी आन मी." सासू आली, सासरा आला, नवरा राहिलाच. गळ्यात काळा मणी नाही. पटत नसेल, सोडून गेला असेल, असं मी मनाशी धरलं आणि वर काही विचारलं नाही. पण डोळे उघडे ठेवले.

आणि डोळे उघडे ठेवले की दिसतंच. मागच्या खोलीत आम्हा बायकांचे डबे असायचे तिथं भिंतीवर एक लहान आरसा होता. एका दुपारी मी दार लोटलं तर उज्ज्वला त्या आरशापुढं उभी. कपाळावर छोटीशी मरून टिकली. ती स्वतःकडे इतकी टक लावून बघत होती की मी आलेलं तिला कळलंच नाही. मी खाकरले. तिनं टिकली झटकन ओढून काढली, आरशाच्या कडेला चिकटवली आणि डब्याची पिशवी हुडकायला लागली.

"छान दिसत होती की," मी म्हटलं.

"असंच बघत हुते," ती म्हणाली आणि माझ्या अंगाला अंग घासून बाहेर पळाली.

ज्या बाईला टिकली नको असते ती चोरून लावून कशाला बघेल? आणि जिला हवी असते ती लपवेल कशाला? मला यात एक पुरुष दिसायला लागला. कोण, ते कळत नव्हतं.

त्यातच तो म्हातारा. आमच्या दुकानाला रस्त्याकडून मोठ्या काचा होत्या, आत बसलेली माणसं बाहेरून स्वच्छ दिसायची. समोर सायकलचं दुकान होतं आणि त्याच्या बाकावर एक म्हातारा येऊन बसायचा. धोतर, टोपी, हातात काठी. सायकलीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आमच्याच काचांकडे बघत बसायचा. आधी मला वाटलं, असेल कुणी रिकामटेकडा. मग लक्षात आलं, उज्ज्वला जिन्यावरून खाली आली की त्याची मान तिच्याबरोबर फिरते. संध्याकाळी ती निघाली की तोही उठायचा आणि थोडं अंतर ठेवून तिच्यामागून चालायला लागायचा. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं. कुणीतरी पाळतीवर ठेवलेला माणूस होता तो, आणि तिला त्याची भीती होती, असा मी हिशेब मांडला.

शेठ बोलले त्याच दुपारी मी तिला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बस. वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही."

ती बसली नाही. "मग कशाबद्दल हाय, बाई?"

"कपाळाबद्दल. बस्त्याला लोक येतात, त्यांना शुभ-अशुभ बघायची सवय असते. टिकली लावत जा. हातात चार काचेच्या बांगड्या घाल. शेठनी पुढच्या आठवड्यापर्यंत सांगितलंय. नाहीतर ते दुसरी मुलगी बघतील."

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा भांडेल. बहुतेक लोक दोनातलं एक करतात. ह्या उज्ज्वलानं उलट विचारलं, "दुकानाचा तसा नियम हाय का?"

नियम कसला, शेठना आजच सुचलेलं. पण मी म्हटलं, "आहे."

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

"मग माझ्या घरी येऊन सांगाल का, बाई?"

"काय सांगू?"

"हेच. मला नका सांगू, आत्याबाईंच्या म्होरं सांगा. रागावून सांगा. टिकली न्हाई लावली तर कामावरून काढीन म्हणून दम द्या मला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत रागवा म्हणून कुणी मागणी केली नव्हती.

"तुझ्या कपाळाचा आणि तुझ्या सासूचा काय संबंध? टिकली लावायला तुला पाच पैशांची अडचण आहे का?"

"तुमी फकस्त या. मी हात जोडते."

"नवरा कुठाय तुझा?"

तिनं लावलेल्या दाराकडे बघितलं. "घरी आल्यावर कळंल."

"आणि मी नाही आले तर?"

"तर मग काढाच मला. न्हाई लावता यायची मला."

मी जरा पुढं सरकले. "तो समोर बाकावर बसतो तो म्हातारा कोण?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "कोन म्हातारा? मला न्हाई म्हाईत," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलतेय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तिच्या घरी जाईपर्यंत मी हजार शंका काढल्या. मला घरी बोलावून नेऊन हे लोक पुढं कांगावा करणार का, की दुकानातली बाई घरात शिरून आमच्या सुनेला वाटेल ते बोलली? नवरा-बायकोच्या भांडणात मला साक्षीला तर ओढत नाहीत? वरच्या मजल्याचं काम माझ्याकडे आलेलं दुकानात अजून काही जणांना सलत होतं. त्यांच्यापैकी कुणी हिच्याकडून हे करवून घेत असेल का? खरं सांगायचं तर मी तिची नोकरी वाचवायला गेलेच नाही. भानगड काय आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती, म्हणून गेले.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी जुन्या धान्यबाजारामागच्या त्यांच्या गल्लीत शिरले. अरुंद गल्ली, ओट्याला ओटा लागलेला. एका ओट्यावर जाडजूड बाई सुपात तूर निवडत बसली होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कुनाकडं?"

"नलवड्यांकडे."

"का बरं?"

"काम आहे."

"काय काम?"

मी पुढं चालायला लागले. तिनं तूर निवडणं थांबवून मी कुठल्या दारात शिरते ते नीट बघून घेतलं. माझ्यापेक्षा संशयी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

उज्ज्वलाच्या सासूनं दार उघडलं. किडकिडीत, नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "या, बसा," म्हणाली. मला सतरंजी दिली, पाणी दिलं. उज्ज्वला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. घर लहान आणि लख्ख होतं. आतल्या एका खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मला वाटलं, नवरा तिथंच असेल, कान देऊन बसला असेल. बरं झालं, त्यालाही ऐकू दे. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि सुरुवात केली.

"हे बघा, मी स्पष्ट बोलणारी आहे. तुमच्या सुनेला मी दुकानात समजावून सांगितलं, ती ऐकत नाही. आमचं साड्यांचं दुकान आहे. नव्या नवऱ्या येतात. हिनं असं भुंडं कपाळ घेऊन त्यांच्यापुढं बसायचं म्हणजे..."

आणि माझी नजर सासूच्या डोक्यावरून भिंतीवर गेली.

फोटो होता. चौकड्याचा शर्ट घातलेला, नुकतंच मिसरूड फुटल्यागत दिसणारा तरुण. फोटोला चंदनाचा हार. खाली निरांजन.

तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. भुंडं कपाळ, मी म्हणाले होते. त्याच्या आईसमोर म्हणाले होते. आणि पाठोपाठ सगळं एकाएकी डोक्यात शिरलं. नवऱ्याचं नाव हिनं का काढलं नाही ते कळलं. विधवेच्या हातून लेकीचा शालू कुणी बघणार नाही, आमच्याकडे तरी नाही. शेठना कळलं तर ते वाईट न बोलता, गोड बोलून हिला त्याच दिवशी घरी पाठवतील. टिकली लावली नाही तर नोकरी जाणार, का लावत नाही ते सांगितलं तरी जाणार. आणि एवढं सगळं लपवून ठेवलेलं ह्या पोरीनं मला घरी बोलावून माझ्या हातात दिलं होतं.

मला राग आला. हिनं मला फसवून आणलं, माझ्या तोंडून नको ते वदवून घेतलं. मी उठले.

"मला माहीत नव्हतं. चुकलं माझं बोलणं. येते मी."

सासू लगबगीनं माझ्याजवळ आली. माझा हात धरला. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि तिला बोलायचा हक्कही होता. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "थांबू नका, बाई. ब्येस चाललं हुतं. फकस्त जरा मोठ्यानं बोला. ह्यास्नी कमी ऐकू येतं. आतल्या खोलीत हायती."

"म्हणजे?"

"म्याच तिला म्हनलं, तुमच्या बाईंना घिऊन ये. पोरीचं वय काय, बाई? तिचं ते कपाळ बघितलं की माझा घास घशाखाली उतरत न्हाई. पर मी कसं म्हनू ह्यांच्याम्होरं? ज्येचं कुंकू हुतं त्येचीच आई हाय मी. लेक जाऊन दोन सालं न्हाई झाली आन आईच म्हंती, लाव टिकली! कसं म्हनू?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज खालीच होता. "भाईरच्या मानसानं सांगितलं, नोकरीचा नियम हाय म्हनलं, तर ह्यांना न्हाई म्हनता यायचं न्हाई. बोला, बाई. बोला."

मी उज्ज्वलाकडे बघितलं. तिनं मान हलवून होकार दिला.

शेठना मी यातलं अवाक्षर कधी सांगितलं नाही. तेव्हा मनाशी तसं ठरवलं वगैरे काही नाही. मी फक्त परत सतरंजीवर बसले आणि आवाज चढवला.

"नियम म्हणजे नियम! दुकानात बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या कपाळाला टिकली पाहिजे आणि हातात बांगडी पाहिजे! मग ती कुणीही असो! घरातलं कारण मला सांगायचं नाही!"

आतल्या खोलीत काठी वाजली. दार उघडलं. बाहेर आला तो म्हातारा सायकलच्या दुकानाच्या बाकावरचा.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यानं मला ओळखलं होतं, रोज काचेतून बघतच होता. "बसा," तो म्हणाला, आणि स्वतः दाराशी टेकला.

"तुम्ही रोज दुकानासमोर बसता," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

"आँ?"

"रोज समोर बसता!" मी ओरडले.

"बसतो की. पोर एकली हाय. रस्त्यात कुनी काय बोललं, आडवं आलं, तर घरचं मानूस दिसाय पायजे. तिला म्हनलं हुतं, दुकानात सांगू नगंस, लोक हसत्याल." त्यानं घसा साफ केला. "काय नियम म्हनत हुता?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. टिकली, बांगड्या, पुढचा आठवडा, नाहीतर नोकरी गेली. एवढा वेळ सासू जमिनीकडे बघत होती. म्हाताऱ्यानं विचारलं, "समद्यांना हाय?"

"सगळ्यांना!"

"मोडता येत न्हाई?"

"अजिबात नाही!"

"मग नियमच हाय म्हनल्यावर काय करनार," म्हातारा म्हणाला.

फार पटकन म्हणाला. माझ्या कानाला ते लगेच खटकलं. ज्या माणसाला हे पचणार नाही म्हणून एवढं नाटक चाललं होतं, तो एका दमात कबूल झाला होता. सासूनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

"म्हंजी? तुमचं काय न्हाई म्हनायचं?"

"माझं काय म्हनायचं? मी कवा नगं म्हनलं? तूच रोज त्या फोटूम्होरं डोळं पुसत बसायचीस. मला वाटायचं, मी शबुद काढला तर ही भिताडावर डोकं आपटील."

"म्या? आन मी तुमाला भिऊन..." तिनं पदर तोंडात धरला.

उज्ज्वला चौकट सोडून खाली बसली होती. दोन म्हातारी माणसं एकमेकांना जपता जपता तिचं कपाळ मोकळं ठेवून बसली होती, आणि ती दोघांनाही जपत होती. मला तिथून उठावंसं वाटेना आणि बसवतही नव्हतं. मी पाण्याचं भांडं उचललं, ते रिकामं होतं.

म्हातारा बाहेरच्या दाराशी गेला, फट पाडून बाहेर बघितलं आणि परत येऊन माझ्याजवळ वाकला. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना हळू बोलता येत नाही, तरी त्यानं प्रयत्न केला.

"बाई, एक काम करता का? ह्येच समदं जरा दारात हुबं ऱ्हाऊन सांगता?"

"दारात?"

"ती समूरची चंद्राबाई सूप घिऊन बसलीया. तिच्या तोंडाला समदी गल्ली भिती. उद्या ही टिकली लावून भाईर पडली की ती पयली म्हनंल, म्हातारा-म्हातारीनं सुनंला मोकळी सोडली. आमच्या तोंडानं सांगून काय उपेग न्हाई. तुमी भाईरच्या हायसा. तुमचा आवाज बी चांगला हाय."

मी उभी राहिले. उज्ज्वलाला हाताला धरून उठवलं, दार सताड उघडलं आणि तिला ओट्यावर माझ्यासमोर उभी केली. गल्लीत चंद्राबाईचं सूप थांबलं. पलीकडच्या नळावर कुणीतरी घागर तशीच धरून राहिलं. आणि मी आयुष्यात कुणाला बोलले नाही इतकं त्या पोरीला बोलले.

"शेवटचं सांगते तुला! उद्या कपाळाला टिकली नसली तर दुकानाची पायरी चढायची नाही! हातात बांगड्या पाहिजेत, केसांत गजरा पाहिजे! तुझ्या सासू-सासऱ्यांनी हात जोडले म्हणून मी ऐकून घेणार नाही! दुकान तुमच्या घरच्या रीतीनं चालत नाही! नसेल जमत तर आत्ता सांग, दारात दहा जणी उभ्या आहेत त्या कामासाठी!"

उज्ज्वला रडायला लागली. ते नाटकातलं नव्हतं. चंद्राबाईनं सूप खाली आपटलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तरातरा रस्ता ओलांडून आमच्या ओट्याशी आली. मी मनात म्हटलं, संपलं.

"अवो बाई, काय मानूस हायसा का कोन?" ती माझ्यावर कडाडली. "किती बोलाल त्या लेकराला? आधीच देवानं तिचं काय ठिवलंय? एका टिकलीपायी नोकरी घालवता व्हय गरिबाची?" तिनं उज्ज्वलाला माझ्यासमोरून ओढून आपल्या अंगाशी घेतलं आणि गल्लीकडे तोंड करून म्हणाली, "लाव गं उज्ज्वले. खुशाल लाव. मोठी लाव. ह्या गल्लीत कोन काय म्हंतंय ते बघते मी!"

आता मी गप्प बसायला हरकत नव्हती. पण माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी तोंड फिरवून अजून थोडा वेळ ओरडत राहिले.